गाळणी आणि कण : सांडपाण्याच्या बहुवारिक पटलांचा पूर्वेतिहास

सांडपाणी शुद्ध करण्यासाठी बहुवारिक द्रव्यांची पातळ पटले वापरावयाची आणि त्या पटलांच्या अंगात काही नॅनोमीटर आकाराचे खनिजाचे अथवा धातूचे कण मिसळून त्यांचा गुण वाढवावयाचा, ही पद्धती आज रसायनशास्त्राच्या व अभियांत्रिकीच्या नियतकालिकांत इतकी रूढ झाली आहे की तिचा इतिहास सांगण्याची आवश्यकता फारशी कोणास वाटत नाही. सांगितलाच तर तो बहुधा २००७ पासून सांगण्यात येतो. त्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील संशोधकांनी झिओलाइट या खनिजाचे कण घातलेल्या पटलाविषयीचा निबंध प्रसिद्ध केला आणि आपली कल्पना नवी असल्याचे त्याच्या शीर्षकातच नमूद केले. हा दावा खोटा नव्हे. तथापि तो जसाच्या तसा स्वीकारला, तर त्यामागील दीडशे वर्षांचा एक विलक्षण वृत्तान्त दृष्टीआड होतो. कण आणि पटल ही दोन्ही एकाच शास्त्राच्या पोटी जन्मली, काही काळ एकाच माणसाच्या हाती वाढली, पुढे परस्परांस विसरली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व एकविसाव्याच्या आरंभी त्यांची पुन्हा भेट झाली. हा वियोग का घडला आणि त्या भेटीतून प्रत्यक्षात काय निष्पन्न झाले, या दोन प्रश्नांचा विचार येथे कर्तव्य आहे.

१

पटलाच्या इतिहासाचा आरंभ एका फसलेल्या खबरदारीतून झाला. इ. स. १७४८ मध्ये आबे झाँ-अंत्वान नोले या फ्रेंच पंडिताने मद्यार्क हवेपासून सुरक्षित राहावा म्हणून तो एका भांड्यात काठोकाठ भरला, भांड्याच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाचे कातडे ताणून बांधले व ते भांडे पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी पाहतो तो कातडे फुगून वर आलेले. टाचणीने टोचताच आतील द्रवाची चिळकांडी उडाली. बाहेरचे पाणी कातड्यातून आत शिरत होते आणि आतील मद्यार्काला मात्र तितक्या सहजतेने बाहेर पडता येत नव्हते. एकाला वाट द्यावयाची व दुसऱ्याला अडवावयाचे, हा पटलाचा मूळ धर्म त्या दिवशी प्रथम नोंदला गेला. नोलेने पुढे त्याचा फारसा पाठपुरावा केला नाही. पाऊणशे वर्षांनी, १८२६ च्या सुमारास, आंरी द्युत्रोशे या वैद्यकाने वनस्पतींच्या व प्राण्यांच्या शरीरातील रसांच्या हालचालीचा विचार करताना या घटनेस ग्रीक धातूवरून नाव दिले. त्या धातूचा अर्थ ढकलणे असा आहे. मराठी परिभाषेत याच क्रियेला 'तर्षण' म्हणतात, आणि त्या शब्दात तृषा आहे. ग्रीक शब्द घडविणाराला पाणी ढकलले जाताना दिसले, तर मराठी परिभाषाकारांना दाट द्रव पाण्यासाठी तहानलेला दिसला. घटना एकच, पण शब्द घडविणारे पडद्याच्या दोन बाजूंस उभे होते.

शब्दांचा हा विषय केवळ कौतुकाचा नाही. कण आणि पटल यांचे नाते प्रथम जुळले तेच मुळी एका व्याख्येत. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला व पुढे लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख झालेला टॉमस ग्रॅहम याने १८६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात निरनिराळी द्रावणे चर्मपत्रासारख्या कागदातून पाझरू देऊन त्यांची प्रतवारी लावली. मीठ, साखर यांसारखी द्रव्ये पलीकडे जात. सरस, गोंद, अंड्याचा बलक यांसारखी अलीकडेच राहत. या दुसऱ्या वर्गाला त्याने सरसाच्या ग्रीक नावावरून जे नाव दिले, त्याला मराठीत 'कलिल' हा प्रतिशब्द मिळाला. या विभाजनाच्या क्रियेला त्याने दिलेले नाव आज मूत्रपिंडाच्या उपचारामुळे सर्वतोमुखी झाले आहे. मराठीत तिला 'अपोहन' म्हणतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ग्रॅहमच्या काळी कलिलातील कण कोणी पाहिले नव्हते. त्यांचा आकार मोजण्याचे साधनही नव्हते. जे द्रव्य पडद्यापाशी अडते ते कलिल, एवढीच त्याची ओळख. म्हणजे गाळणीने कणाचे लक्षण केले. आज ज्यांना नॅनोकण म्हणतात त्यांपैकी बहुतेक सर्व या जुन्या 'कलिल' शब्दाच्या पोटात सुखाने मावतात. 'नॅनो' हा उपसर्ग ग्रीक भाषेतील खुज्या माणसाच्या नावावरून आला आणि मापनाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत तो १९६० मध्ये अधिकृतपणे दाखल झाला. त्यापूर्वी तीच लांबी 'मिलिमायक्रॉन' या नावाने मोजली जात असे. नव्या नावाबरोबर वस्तूही नवी झाली असा जो समज पसरला, तो तपासून घेण्यासारखा आहे.

२

अडलेल्या कणास प्रथम पाहण्याचा मान रिखार्ड झिग्मोंडी याचा. मायकेल फॅरडेने १८५७ च्या आपल्या व्याख्यानात सोन्याची माणकासारखी लाल द्रावणे दाखविली होती आणि त्यांत सोने विरघळलेले नसून अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने तरंगत आहे असे अनुमान मांडले होते. परंतु ते अनुमानच होते. झिग्मोंडी हा १८६५ मध्ये व्हिएन्नात जन्मलेला रसायनज्ञ. काचेवर व चिनी मातीवर द्यावयाच्या रंगांच्या अभ्यासातून तो सोन्याच्या कलिलाकडे वळला. येना येथील काचकारखान्यात काही काळ काम केल्यावर त्याने त्साइस कारखान्यातील हेन्री झीडेनटॉफ याच्या साहाय्याने १९०३ च्या सुमारास एक उपकरण सिद्ध केले. त्याचे तत्त्व प्रत्येकाने घरी पाहिलेले असते. अंधाऱ्या माजघरात कौलांच्या फटीतून कवडसा पडला म्हणजे एरवी न दिसणारी धूळ चमकू लागते. संस्कृतात या चमकणाऱ्या कणाला 'त्रसरेणु' असे स्वतंत्र नावच आहे. झिग्मोंडीने कलिलाच्या द्रावणावर बाजूने तीव्र प्रकाशझोत टाकला आणि सूक्ष्मदर्शकातून काटकोनात पाहिले. कणाचा आकार दिसत नसे. दिसत असे तो एक नाचणारा प्रकाशबिंदू. तेवढ्यावरून कण मोजता येत होते, आणि द्रावणातील सोन्याचे वजन ठाऊक असल्यामुळे एका कणाचा आकारही काढता येत होता. दहा नॅनोमीटरहून लहान कण अशा रीतीने माणसाच्या हिशेबात आले. या कामाबद्दल त्याला १९२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नॅनोविज्ञानाच्या इतिहासात झिग्मोंडीला जे स्थान देतात ते येथपर्यंतचे. पटलाच्या इतिहासातही त्याला स्थान आहे, परंतु ते दुसऱ्या प्रकरणात, दुसऱ्या वाचकांसाठी लिहिलेले. गटिंगेन येथे प्राध्यापक असताना त्याने विल्हेल्म बाखमान याच्यासह १९१८ मध्ये नव्या गाळण्यांविषयी निबंध प्रसिद्ध केला. सेल्युलोजापासून केलेली संयुगे द्रावकात विरघळवून त्या द्रावणाचा पातळ थर काचेवर पसरावयाचा आणि तो दमट हवेत सावकाश वाळू द्यावयाचा, अशी ती कृती. द्रावक उडून जातो, हवेतील ओलावा आत शिरतो, आणि थर घट्ट होता होता त्यात सूक्ष्म छिद्रांचे जाळे तयार होते. हवेचा दमटपणा व वाळण्याचा काळ यांत फेरफार केला की छिद्रांचा आकार बदलतो. गटिंगेनमध्येच १९२७ पासून या गाळण्यांची व्यापारी विक्री सुरू झाली.

ही कृती अगदी निराधार आकाशातून पडली नव्हती. शस्त्रवैद्यांनी जखमेवर लावावयास घेतलेले व छायाचित्रकारांनी काचेवर पसरलेले कोलोडियन, म्हणजे नत्राम्लाने संस्कारित कापसाचे ईथर-मद्यार्कातील द्रावण, १८४० नंतरच्या दशकापासून सर्वत्र उपलब्ध होते. आडोल्फ फिक याने १८५५ मध्येच त्याचे पापुद्रे तर्षणाच्या प्रयोगांत वापरले होते. फ्रँकफुर्टच्या हाइन्रिख बेखहोल्टने १९०७ मध्ये गाळणकागद कोलोडियनमध्ये भिजवून निरनिराळ्या बारकाईच्या गाळण्या तयार केल्या, दाब देऊन त्यांतून कलिले गाळली आणि या क्रियेला 'अतिगाळण' या अर्थाचे नाव दिले. ओल्या पटलातून हवेचा पहिला बुडबुडा बाहेर पडण्यास किती दाब लागतो यावरून सर्वांत मोठ्या छिद्राचा आकार काढण्याची रीतही त्याचीच. ती आजही प्रयोगशाळांत चालू आहे.

याच वंशावळीतील आणखी दोन नावे टाळता येत नाहीत. मोरिट्झ ट्राउबे हा घरच्या दारूच्या व्यापाराचा व्याप सांभाळून संशोधन करणारा गृहस्थ. त्याने १८६७ मध्ये दोन क्षारांच्या संयोगातून तांब्याच्या एका अविद्राव्य संयुगाचा पापुद्रा बनविला. त्यातून पाणी जाई, साखर जात नसे. पापुद्रा मात्र फुंकर लागताच फाटावा इतका नाजूक. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म प्फेफर याने त्यावर तोड काढली. सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या आत एक क्षार व बाहेर दुसरा क्षार ठेवून त्याने तो पापुद्रा भांड्याच्या भिंतीतच घडवून आणला. आता मातीने दाब सोसावा व पापुद्र्याने निवड करावी, अशी कामाची वाटणी झाली. या भांड्याने प्फेफरने १८७७ मध्ये दाखवून दिले की शेकडा एक भाग साखरेचे द्रावण अर्ध्या मीटरहून अधिक उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरते. फान्ट हॉफचा तर्षणदाबाचा सिद्धान्त याच आकड्यांवर उभा आहे. मात्र पटलाच्या दृष्टीने त्या सिद्धान्ताहून ती भिंत महत्त्वाची. कारण पुढील शतकातील प्रत्येक यशस्वी पटल हे प्फेफरच्या भांड्याचे वंशज आहे.

३

झिग्मोंडीनंतर दोन्ही वाटा फुटल्या. कणांचा अभ्यास प्रकाशशास्त्र, रंग, उत्प्रेरके आणि पुढे विद्युत्‌घटक यांच्याकडे गेला. पटलांना जंतुशास्त्राने ओढून नेले. विल्यम एल्फर्डने लंडनमध्ये १९३१ मध्ये क्रमाक्रमाने बारीक होत जाणारी कोलोडियनची पटले बनवून विषाणूंचे आकार मोजले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन शहरांच्या जलवाहिन्या बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झाल्या, तेव्हा पिण्याच्या पाण्यातील जंतू त्वरित मोजण्यासाठी हँबुर्ग येथे ही पटले वापरण्यात आली. पाणी गाळावयाचे, पटल पोषक द्रव्यावर ठेवावयाचे आणि उगवलेले ठिपके मोजावयाचे. युद्ध संपल्यावर अमेरिकन शासनाने हे तंत्र आपल्याकडे नेले, आणि कॅलिफोर्नियातील आलेक्झांडर गोएट्झ याने १९४७ पासून त्यात सुधारणा केल्या. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की या साऱ्या काळात पटल हे पाणी शुद्ध करण्याचे साधन नव्हते. पाणी अशुद्ध आहे किंवा नाही हे ठरविण्याचे साधन होते. गाळणीची साक्षीदार म्हणून नेमणूक झाली होती, कामकरी म्हणून नव्हे.

कामकरी म्हणून ती उभी राहिली ती समुद्राच्या पाण्यामुळे. १९५२ मध्ये अमेरिकेत खाऱ्या पाण्याच्या शुद्धीकरणासाठी शासकीय कार्यालय स्थापन झाले. त्याच्या आश्रयाने चाललेल्या संशोधनातून फ्लॉरिडा विद्यापीठातील रीड व ब्रेटन यांनी १९५९ मध्ये असे दाखविले की सेल्युलोज ॲसिटेटचे पटल दाबाखाली पाणी जाऊ देते व मीठ अडविते. नैसर्गिक तर्षणाच्या उलट दिशेने पाणी ढकलावयाचे, म्हणून या क्रियेला 'विपरीत तर्षण' म्हणावयाचे. आज ती 'आर. ओ.' या आद्याक्षरांनी घरोघर पोहोचली आहे. परंतु पाणी इतके सावकाश पाझरे की व्यवहारात त्याचा उपयोग शून्य. लॉस एंजेलिस येथे सिडनी लोब आणि भारतातून तेथे गेलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६० मध्ये ही अडचण दूर केली. बाजारातून घेतलेले एक पटल पाण्यात तापवून वापरताना त्यांना आढळले की ते एका बाजूने ठेवले तर मीठ अडविते, उलटे ठेवले तर अडवीत नाही. म्हणजे पटलाला दोन तोंडे होती. हा धागा धरून त्यांनी असे पटल तयार केले की ज्याचा वरचा थर मायक्रॉनच्या अंशाइतका पातळ व घट्ट, आणि खालचा सारा भाग जाड व भुसभुशीत. पाण्याचा प्रवाह कित्येक पटींनी वाढला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोअलिंगा गावी या पटलांवर चालणारा पाणीपुरवठा सुरू झाला.

लोब-सौरीराजन पटल ओतण्याची कृती झिग्मोंडीच्या कृतीची थेट नात आहे आणि त्याच्या दोन थरांची वाटणी प्फेफरच्या भांड्याची. पुढे मिनिॲपोलिस येथे जॉन कॅडॉट याने ही वाटणी टोकास नेली. पॉलिसल्फोन नावाच्या सच्छिद्र बहुवारिकाच्या थरावर एक घटक असलेले पाणी पसरावयाचे. त्यावर दुसरा घटक असलेला तैलद्राव ओतावयाचा. पाणी व तेल जेथे भेटतात त्या सीमेवरच दोन घटकांचा संयोग होऊन पॉलिॲमाइडचा पापुद्रा तयार होतो. त्याची जाडी शंभर-दोनशे नॅनोमीटर. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या या पटलाचेच वंशज आज जगभर वापरात आहेत. दोन द्रावणांच्या सीमेवर पापुद्रा धरतो हे ट्राउबेने दाखविले होतेच. द्रव्ये तेवढी बदलली.

या काळात कण आणि पटल यांची एक भेट झाली होती, पण ती स्मरणातून गेली. अमेरिकेतील ओक रिज येथील प्रयोगशाळेत १९६६ च्या सुमारास असे आढळले की झिर्कोनियमच्या जलयुक्त ऑक्साइडाचे कलिल सच्छिद्र नळीतून दाबाने फिरविले की त्याचे कण भिंतीवर बसून मीठ अडविणारे पटल आपोआप तयार होते, आणि ते खराब झाले की धुऊन पुन्हा बसविता येते. येथे कण हेच पटल होते. हा मार्ग राजमार्ग झाला नाही, कारण सेल्युलोजाचे व पुढे पॉलिॲमाइडाचे पटल त्याहून मीठ अधिक अडवीत होते. मिठाच्या कसोटीवर तो हरला. सांडपाण्याच्या कसोटीवर कदाचित हरला नसता; पण तेव्हा कसोटी मिठाची होती.

४

सांडपाण्याच्या प्रश्नाचे स्वरूप मुळातच वेगळे. समुद्राच्या पाण्यात मीठ पुष्कळ, घाण थोडी; सांडपाण्यात मीठ थोडे, घाण पुष्कळ. मँचेस्टर येथे १९१४ मध्ये आर्डर्न व लॉकेट यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीनुसार सांडपाण्यात हवा खेळवून जंतूंकडून त्यातील सेंद्रिय द्रव्य खाववितात आणि मग जंतूंचा गाळ खाली बसू देतात. गाळ नीट बसला नाही तर सारे मुसळ केरात. हा गाळ बसण्याची वाट न पाहता पटलाने अडवावा, ही कल्पना १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पुढे आली. परंतु पाणी पटलावरून वेगाने फिरवीत ठेवण्यास वीज फार लागे. जपानमधील काझुओ यामामोतो याने १९८९ मध्ये पोकळ तंतूंच्या स्वरूपातील पटले थेट गाळाच्या टाकीतच बुडविली व हलक्या शोषणाने पाणी ओढून घेतले. तेव्हापासून ही पद्धती खऱ्या अर्थाने व्यवहारात आली. दुसरीकडे, शुद्ध केलेले सांडपाणी विपरीत तर्षणाच्या पटलांतून काढून जमिनीत मुरविण्याचा उपक्रम कॅलिफोर्नियातील ऑरेंज परगण्यात १९७७ पासून चालला, आणि सिंगापूरने २००३ पासून अशा पाण्याचा सार्वजनिक पुरवठा आरंभिला. मुंबईत चेंबूर येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या खतकारखान्यानेही २००० च्या सुमारास शहराचे सांडपाणी घेऊन, जंतूंकरवी स्वच्छ करून व विपरीत तर्षणाच्या पटलांतून काढून कारखान्यासाठी वापरण्याची व्यवस्था उभारली.

या सर्व ठिकाणी एकच शत्रू उभा राहतो. पटल चोंदते. सर्दीने नाक चोंदावे तशी त्याची छिद्रे प्रथिनांनी, चरबीने, क्षारांच्या खपल्यांनी व जंतूंच्या बुळबुळीत थराने भरून जातात. दाब वाढवावा लागतो, विजेचा खर्च चढतो, रसायनांनी धुवावे लागते आणि धुण्याने पटलाचे आयुष्य घटते. जंतू मारण्यास क्लोरीन घालावा, तर पॉलिॲमाइडाला क्लोरीन सोसत नाही. पॉलिसल्फोन काटक खरे, पण पाण्याशी त्याचे फारसे सख्य नाही, आणि ज्या पृष्ठाला पाणी नको असते त्याला तेलकट व प्रथिनयुक्त घाण चटकन चिकटते. तमिळनाडूतील तिरुप्पूर येथील कापड रंगविण्याच्या उद्योगास या अडचणीची पूर्ण किंमत मोजावी लागली. सांडपाण्याचा थेंबही नदीत जाऊ नये या अटीचे पालन न झाल्यामुळे जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. रंग, मीठ आणि सेंद्रिय द्रव्य एकत्र असलेल्या अशा पाण्यापुढे पटल किती दिवस टिकते, यावर एका गावाची रोजीरोटी अवलंबून असते.

कणांना पटलात पुन्हा बोलाविले गेले ते या चोंदण्यामुळे. यातील हेतू साधा होता. सिलिका, ॲल्युमिना, टिटॅनियम डायऑक्साइड यांसारखी द्रव्ये पाण्याला जवळ करतात. त्यांचे कण बहुवारिकात मिसळले तर पटलाचे पृष्ठ पाण्याशी मैत्री करील आणि घाणीस आधार मिळणार नाही. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २००१ मध्ये पॉलिॲमाइडाच्या पृष्ठावर टिटॅनियम डायऑक्साइडाचे कण बसविले. हे द्रव्य जंबुपार प्रकाशात उत्प्रेरकाचे काम करते, ही गोष्ट जपानमधील फुजिशिमा व होंडा यांच्या १९७२ च्या निबंधानंतर सर्वश्रुत झाली होती. प्रकाश पाडताच या पटलावरील जंतू मेले. प्रयोग निर्दोष होता. परंतु विपरीत तर्षणाची पटले व्यवहारात सुरळीसारखी गुंडाळून बंद नळीत बसवितात. त्या गुंडाळीच्या पोटात प्रकाश कोठून यावयाचा? या विषयावर त्यानंतर आलेल्या निबंधांच्या राशीत हा प्रश्न जितक्या ठळकपणे यावयास हवा होता तितका आलेला दिसत नाही.

२००७ च्या लॉस एंजेलिस निबंधाचा मार्ग निराळा होता, आणि तो लोब व सौरीराजन यांच्याच विद्यापीठातून यावा हा योगायोगही नोंदण्याजोगा आहे. कॅडॉटच्या कृतीतील तैलद्रावात झिओलाइटाचे पन्नास ते दीडशे नॅनोमीटर आकाराचे कण घालून पापुद्रा धरू दिला. झिओलाइटाच्या स्फटिकात पाण्याचा रेणू जाईल एवढ्याच वाटा असतात. मीठ अडविण्याची शक्ती कायम राहून पाण्याचा प्रवाह जवळजवळ दुप्पट झाला. या संशोधनाच्या आधारे निघालेली कंपनी २०१४ मध्ये दक्षिण कोरियातील एलजी केम या उद्योगसमूहाने विकत घेतली. म्हणजे कल्पना प्रयोगशाळेतून बाजारात गेली. कणमिश्रित पटलांच्या बाबतीत असे फारच थोड्यांच्या नशिबी आले. तरीही पाणी खरोखर झिओलाइटाच्या वाटांनीच जाते, की कण शिरल्यामुळे पॉलिॲमाइडाची वीण सैल होऊन कणांच्या कडेकडेने जाते, याविषयी अभ्यासकांत एकमत झालेले नाही. हा वाद किरकोळ नव्हे. पहिला पक्ष खरा असेल तर कण हा स्वतः गाळणी आहे. दुसरा खरा असेल तर तो केवळ विणीत घातलेली पाचर होय, आणि तिच्यासाठी झिओलाइटच हवा असे नाही.

कर्बाच्या नव्या रूपांनी या क्षेत्रात जी खळबळ उडविली तिचा उल्लेख थोडक्यात पुरे. कर्बाच्या अतिसूक्ष्म नळ्यांतून पाणी अपेक्षेहून कितीतरी पटींनी वेगाने वाहते असे लिव्हरमोर येथील संशोधकांनी २००६ मध्ये दाखविले, आणि ग्रॅफीन ऑक्साइडाचा पापुद्रा हेलियम वायूला अडवितो पण पाण्याच्या वाफेला सहज वाट देतो हे २०१२ मध्ये मँचेस्टर येथे आढळले. दोन्ही शोध थोर खरे. पण पाण्यात बुडविताच ग्रॅफीन ऑक्साइडाचे पदर फुगतात व त्यांतील फटी रुंदावतात; ज्या पटलाने पाण्यातच आयुष्य काढावयाचे त्याच्या दृष्टीने हा दोष लहान नाही. शिवाय केवळ वेग वाढवून काय साधावयाचे, हाही प्रश्न आहे. २०१६ मध्ये येल विद्यापीठातील अभ्यासकांनी असे प्रतिपादन केले की निक्षारीकरणाच्या पटलांना आता अधिक वेगाची गरज नसून अधिक नेमक्या निवडीची आहे. प्रवाह दुप्पट करण्याच्या ईर्ष्येने चालविलेल्या कित्येक प्रयोगांवर ही टीका बरोबर लागू पडते. सांडपाण्याच्या बाबतीत तर ती अधिकच खरी, कारण पाणी जितके वेगाने पटलाकडे ओढावे तितकी घाणही त्याच्याकडे वेगाने येते.

राहिला चांदीचा प्रश्न. चांदीने जंतू मरतात हे जुने ज्ञान. अमेरिकेतील राइस विद्यापीठात २००९ मध्ये पॉलिसल्फोनच्या पटलात चांदीचे नॅनोकण मिसळून पाहिले, तेव्हा जंतूंचा थर कमी धरला व विषाणूही अधिक अडले. त्याच निबंधात आणखी एक निरीक्षण प्रामाणिकपणे नोंदले आहे, आणि त्यासाठी तो या विषयावरील उत्तम निबंधांत गणला जावा. थोडेसेच पाणी गाळून झाल्यावर पटलाच्या पृष्ठावरील चांदी झिजून गेली आणि तिच्याबरोबर तो गुणही ओसरला. चांदी गेली ती गाळलेल्या पाण्यात. ग्रॅहमच्या काळापासून ज्या भिंतीने कण अडवावयाचे, त्याच भिंतीतून आता कण सुटू लागले. कण पक्के बांधून ठेवावेत तर त्यांचा जंतूंशी संपर्क तुटतो. मोकळे ठेवावेत तर ते निसटतात. हा पेच रसायनशास्त्राने अद्याप पुरता सोडविलेला नाही. सांडपाणी पुन्हा पिण्यास वापरावयाचे असेल तर त्याकडे डोळेझाक करून चालावयाचे नाही.

अशा पटलातून गाळलेल्या पाण्यात किती चांदी उतरली हे मोजताना प्रयोगशाळेत दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात : विरघळलेली चांदी किती आणि कणरूपाने निसटलेली किती. त्यासाठी पाण्याचा नमुना आणखी एका पटलावर घालून वेगाने फिरवितात. विरघळलेली चांदी खाली जाते, कण वर राहतात. या कामास जे पटल घेतात त्यात कोणतेही कण मिसळलेले नसतात. ते बेखहोल्टच्या जातीचे साधे अतिगाळणाचे पटल असते, आणि बहुधा सेल्युलोजाचे.